सात मिलिमीटर

मापबाईंच्या फळीवर उभं राहायला वस्तीतली पोरं घाबरायची, आणि पोरांच्या आया त्याहून जास्त. फळी तशी साधीच होती. मागे उभा लाकडी पाट, खाली टाचा टेकायला जागा, वरून डोक्यावर येऊन बसणारा सरकता तुकडा आणि बाजूला आकड्यांची पट्टी. पण त्या पट्टीवर पोराची उंची रेषेच्या वर निघते की खाली, यावर त्याच्या कार्डाचा रंग ठरायचा. दहा पोरांमागे तीनपेक्षा जास्त पोरं रेषेखाली निघाली, तर कापड रंगवण्याच्या कारखान्यामागच्या त्या वस्तीत दूधकेंद्र चालू राहायचं. नाहीतर बंद. नियम सरळ होता, आणि मापबाई नियमापेक्षाही सरळ होत्या.

"टाचा टेक," त्या म्हणायच्या. फळीवर चढलेलं पोर टाचा उचलणारच, हे त्यांना पाठ झालं होतं. मोठं दिसायची हौस कुणाला नसते? मग त्या खाली वाकायच्या, दोन बोटांनी पोराचे घोटे धरायच्या आणि टाचा फळीला लावून मगच आकडा वाचायच्या. वाचायच्याही मोठ्याने, रांगेतल्या शेवटच्या बाईला ऐकू जाईल असा. आकडा फॉर्मवर चढायचा आणि त्याच वेळी बाईंच्या खिशातल्या निळ्या वहीतही. वहीत आकड्यापुढे त्या एक अक्षर लिहायच्या, उभं मोजलं तर "उ", आडवं मोजलं तर "आ". दोन वर्षांच्या आतलं पोर नीट उभं राहत नाही म्हणून त्याला आडवं निजवून मोजायचं, त्यापुढचं उभं. प्रशिक्षणात पहिल्याच दिवशी शिकवलेलं होतं ते. माणूस आडवा झाला की पाठीचा कणा जरा सैल पडतो आणि तेच पोर सात मिलिमीटर लांब भरतं. म्हणून मोठ्या पोराला आडवं मोजायची वेळ आलीच, तर सात मिलिमीटर वजा करायचे. फॉर्मवर त्यासाठी वेगळा रकानाच होता.

मोजणीच्या दिवशी एक माणूस न चुकता टपकायचा, तो म्हणजे वस्तीचा नगरसेवक. त्याला सगळे भोंगा म्हणायचे. तोंडावरही म्हणायचे आणि तो ओ द्यायचा. पोट सुटलेलं, सदऱ्याचं एक बटण कायम गायब, आणि आवाज असा की शेजारच्या दोन गल्ल्यांना फुकटात ऐकू जावा. तो आला की बायका त्याला घेरायच्या. दूध पातळ येतंय, नळाला गढूळ पाणी आहे, दवाखान्यातली नर्स आठवड्यातून एकदा उगवते. भोंगा सगळ्यांना हो म्हणायचा आणि मग बाईंच्या टेबलाशी येऊन आवाज खाली आणायचा. त्याचा खाली आणलेला आवाजही रांगेत ऐकू जायचा.

"बाई, यंदा काय दिसतंय? तीनाच्या वर आहे ना?"

"मोजून झालं की कळेल."

"काठावर असेल तर बघा जरा. दोन मिलिमीटर इकडचे तिकडे झाले तर काय आभाळ कोसळणार आहे? पोरांना दूध मिळेल."

"आणि तुम्हाला मतं."

"मग? मतांसाठीच करतोय. नाहीतर माझी आई येते का इथे दूध प्यायला?"

रांगेतल्या बायका फिदीफिदी हसायच्या. बाई हसायच्या नाहीत. त्यांना या माणसाचा मनस्वी तिटकारा होता. दोन मिलिमीटर सोडाच, अर्धासुद्धा त्यांनी भोंग्याला कधी दिला नाही, आणि या गोष्टीचा त्यांना जो अभिमान होता तो त्या बाळगूनच चालायच्या, मान ताठ ठेवून.

बाईंची धाकटी बहीण याच वस्तीत दिली होती. तिचा नवरा कारखान्यात रंगाच्या हौदावर होता. आई गेली तेव्हा धाकटी सहा वर्षांची आणि बाई सोळाच्या. तिची वेणी घालण्यापासून तिचं लग्न लावण्यापर्यंत सगळं बाईंनी केलं. त्यामुळे धाकटीला जगात ताईचा शब्द शेवटचा. बाकी मात्र ती कुणाला ऐकणारी नव्हती. एकदा चार दिवस दूध आलं नाही, तेव्हा बारा बायका आणि बारा रिकामे कॅन घेऊन ती भर दुपारी भोंग्याच्या दारात जाऊन उभी राहिली. भोंगा जेवत होता. "तुम्ही जेवा सावकाश, आम्ही इथेच आहोत," म्हणाली आणि कॅन वाजवायला सुरुवात केली. भोंग्याने हात न धुताच फोन उचलला. दुसऱ्या दिवशी उजाडताच दुधाची गाडी दारात.

"असं ओरडून कुठे राज्य चालतं का?" बाईंनी तिला नंतर दटावलं होतं.

"गाडी आली ना, ताई?" धाकटी म्हणाली.

पुढच्या वर्षी देशातल्या निवडणुका पुढे ढकलल्या. आधी सहा महिने म्हणाले, मग परिस्थिती सुधारेपर्यंत म्हणाले. कुणी आग पेटवली नाही, कुणी रस्त्यावर आलं नाही. वस्तीचं कार्यालय एका प्रशासकाकडे गेलं आणि भोंगा घरी बसला. खरं सांगायचं तर बाईंनी तेव्हा हुश्श केलं. मोजणीच्या दिवशी टेबलापाशी पहिल्यांदाच शांतता होती, आणि ती त्यांना फार आवडली.

प्रशासकसाहेब वाईट नव्हते. या गोष्टीत कुणी दुष्ट माणूस असता तर बाईंचं पुढचं आयुष्य सोपं गेलं असतं. साहेब वेळेवर यायचे, कुणाकडून चहासुद्धा घ्यायचे नाहीत, कागद दोन दिवसांत निकाली काढायचे. त्यांच्या खोलीत भिंतीवर एक तक्ता होता. दरवर्षी जगातल्या देशांची एक यादी निघायची, माणसं किती जगतात, किती शिकतात, पोरं किती वाढतात याची. त्या यादीतली आपल्या देशाची रेष हिरवी आणि शेजारच्या देशाची लाल. शेजारी देशात दर दोन वर्षांनी सरकार पडायचं, सभागृहात खुर्च्या फेकल्या जायच्या, वर्तमानपत्रं एकमेकांच्या उरावर बसायची.

"तिकडे निवडणुका होतात," साहेब बाईंना म्हणाले, "आणि इकडे मुलं वाढतील. तुमच्यासारखी माणसं असतील तर ही हिरवी रेष पाच वर्षांत त्यांच्या वर जाईल. विकास आधी, बाई. भांडायला नंतर आयुष्य पडलंय."

बाईंना ते मनापासून पटलं. इतक्या वर्षांत त्यांना असं कुणी बसवून घेऊन बोललं नव्हतं. वरचे यायचे ते आकडे न्यायला, खालचे यायचे ते आकडे वाकवायला.

म्हणून त्यांनी आपणहून एक सूचना केली. हे "आपणहून" त्यांना पुढे जन्मभर पुरलं. त्या म्हणाल्या, "साहेब, दोन ते पाच वर्षांची पोरं उभी करायची म्हणजे गुडघे वाकवतात, रडतात, एकेकाला दहा मिनिटं लागतात. सगळ्यांनाच आडवं मोजलं तर एका सकाळी वस्ती उरकेल. मोठ्यांचे सात मिलिमीटर तेवढे वजा करायचे, रकाना आहेच."

"वा," साहेब म्हणाले. "लिहून द्या."

त्यांनी लिहून दिलं. दोन महिन्यांनी नवे फॉर्म छापून आले, गुळगुळीत कागदाचे, कोपऱ्यात हिरवी रेघ असलेले. मोजायची पद्धत एकच, आडवी. उभं-आडवं लिहायचा रकाना आता लागत नव्हता, म्हणून तो काढला होता. आणि त्याच्या शेजारचा वजाबाकीचा रकानाही त्याच्याबरोबर गेला होता.

तो कुणी मुद्दाम काढला, की छापणाऱ्याच्या कात्रीत गेला, हे बाईंना शेवटपर्यंत कळलं नाही. त्यांनी फॉर्म उलटा करून पाहिला, मागे काही सूचना आहे का म्हणून. पाठ कोरी होती. त्या साहेबांच्या दारापर्यंत गेल्या. साहेब फोनवर होते. त्यांनी हातानेच बसायची खूण केली, आणि फोनवर म्हणाले, "हो हो, ती पद्धत आमच्या इथल्या बाईंचीच. आता सगळ्या जिल्ह्यात लागू होतेय." आणि बाईंकडे बघून हसले. बाई दोन मिनिटं बसल्या, मग "सहज आले होते" म्हणून उठल्या. पुढे आणखी दोनदा त्या दारापर्यंत गेल्या आणि परत फिरल्या. चौथ्यांदा गेल्याच नाहीत. निळ्या वहीत मात्र जुन्या सवयीने प्रत्येक आकड्यापुढे "आ" पडत राहिला.

त्या हिवाळ्यात धाकटी आपल्या मुलीला घेऊन रांगेत उभी राहिली. मुलगी अडीच वर्षांची. जन्मली तेव्हापासून बारकीच, म्हणून घरात तिला पिटुकली म्हणायचे. बाईंनी फळी आडवी टाकली. आडव्या मोजणीत पोराचं डोकं दुसऱ्या कुणीतरी धरावं लागतं, म्हणून धाकटीच फळीच्या डोक्याशी बसली आणि तिने दोन्ही हातांच्या ओंजळीत लेकीचं डोकं धरलं. बाईंनी गुडघे दाबून पाय सरळ केले आणि तळव्यांना सरकता तुकडा लावला.

त्र्याऐंशी सेंटिमीटर नऊ मिलिमीटर.

अडीच वर्षांच्या मुलीची रेषा त्र्याऐंशी सहावर होती. म्हणजे तीन मिलिमीटर वर. आणि सात वजा केले तर चार मिलिमीटर खाली. ही वजाबाकी करायला बाईंना बोटं मोडावी लागत नव्हती, आकडा दिसताक्षणी ती डोक्यात झालेली होती.

"ठीक आहे ना गं, ताई?" धाकटीने खालून वर बघत विचारलं. तिचे हात अजून लेकीच्या कानांवर होते. "मला आपली उगाच वाळल्यासारखी वाटते. जेवतही नाही धड."

बाईंच्या मागे सत्तेचाळीस पोरांची रांग होती. टेबलावर गुळगुळीत फॉर्म होता, आणि त्यावर जे लिहायला जागा होती तेच त्यांनी लिहिलं.

"ठीक आहे," त्या म्हणाल्या. "रेषेच्या वर आहे."

"मग झालं," धाकटी म्हणाली, आणि तिचा चेहरा सैल झाला. ताई म्हणाली म्हणजे झालं.

वसंतात अहवाल आला. दहामागे साडेतीन असणारी वस्ती अडीचवर आली होती. दूधकेंद्राला नियमाप्रमाणे कुलूप लागलं, दारावर "उद्दिष्ट पूर्ण" असा कागद चिकटला. आजूबाजूच्या वस्त्यांतही तसेच कागद चिकटले. वर्षाच्या शेवटी देशांची यादी निघाली, आणि हिरवी रेष लाल रेषेच्या वर गेली. पाच वर्षं लागतील म्हणाले होते, दोनच लागली. जिल्ह्याच्या सभागृहात मापबाईंचा सत्कार झाला. प्रमाणपत्र, शाल आणि काचेचं एक जड काहीतरी, जे घरी नेल्यावर कुठे ठेवावं हे त्यांना समजेना.

सभागृहाच्या दारात भोंगा उभा होता. नगरसेवकपण गेल्यापासून त्याचा आवाजही उतरला होता.

"अभिनंदन, बाई," तो म्हणाला. "एक विचारू? तेच कारखाने, तोच पगार, दूध तर तुम्ही मोजून झाल्यावर बंद झालं. मग पोरं वाढली कशाने?"

"मला काय विचारता?" बाई म्हणाल्या. "मी मोजते."

"तेच म्हणतो मी. मी दोन मागायचो तर तुम्ही मला झिडकारायच्या. चांगलं करायच्या. पण मला घाबरवायला बायका होत्या हो. या साहेबांना कोण घाबरवणार?"

काचेची वस्तू हातात फार जड झाली होती, आणि ती धरून बाई बसची वाट बघत उभ्या राहिल्या.

पिटुकलीचं पुढे जे झालं त्याची कुठे बातमी झाली नाही, कारण त्यात बातमी होण्यासारखं काही नव्हतं. तिला पहिल्या हिवाळ्यात छातीचं दुखणं झालं, दुसऱ्यात पुन्हा झालं. मधल्या वर्षी कारखान्यात काम निम्म्यावर आलं आणि घरात चहा काळा व्हायला लागला. ती जगली, शाळेत गेली, अभ्यासातही बरी होती. फक्त वाढायची ती वाढली नाही. शाळेत कायम पहिल्या बाकावर, फोटोत कायम पहिल्या रांगेत कोपऱ्यात. आणि ज्या नावाने घरात तिचे लाड व्हायचे, त्याच नावाने शाळेत पोरं तिला हैराण करायला लागली. एक दिवस घरी येऊन ती आईला म्हणाली, "मला त्या नावाने हाक नको मारू." तेव्हापासून धाकटी तिला नुसतं "बाळा" म्हणायला लागली.

बाईंनी आपल्या परीने केलं. दर रविवारी त्या दूध घेऊन जायच्या, फळं न्यायच्या. एकदा त्यांनी डॉक्टरांना आडून विचारलं. डॉक्टर म्हणाले, "आता द्या, चांगलंच आहे. पण ती दोन-तीन वर्षं असतात ना, ती कुणाला परत आणता येत नाहीत." बाई घरी आल्या आणि दार लावून रडल्या. मग डोळे पुसून पुढच्या वस्तीत मोजणीला गेल्या, आडव्या फळीवर.

दहा वर्षं अशी गेली. मग वरच्यांचं आपसात काय बिनसलं कोण जाणे, निवडणुका परत आल्या. भोंगा तोवर वारला होता. वस्तीतून शिवणकाम करणारी एक बाई उभी राहिली आणि त्रेसष्ट मतांनी निवडून आली. गळ्यातली टेप काढायला विसरून ती तशीच कार्यालयात यायची. तिने पहिलंच पत्र लिहिलं ते दूधकेंद्रासाठी. जिल्ह्यातून उत्तर आलं, तुमच्या वस्तीचे आकडे दहा वर्षं उत्तम आहेत, केंद्राची गरज दिसत नाही, आकड्यांवर आक्षेप असल्यास पंधरा दिवसांत पुराव्यासह कळवा.

शिवणवाली ते पत्र घेऊन मापबाईंकडे आली. बाईंच्या निवृत्तीला तेव्हा चार महिने उरले होते.

"मी डोळ्यांनी बघते हो पोरं," ती म्हणाली. "दहा वर्षांच्या पोराला मी सात वर्षांच्या मापाचे कपडे शिवते. आणि कागद म्हणतो उत्तम. तुम्ही मोजलंय सगळं. कुठे चुकलं असेल, तुम्हाला काही सुचतं का?"

कपाटात, प्रमाणपत्राच्या मागे, निळ्या वह्या होत्या. अकरा वह्या. प्रत्येक पोराचं वय, आकडा आणि पुढे "आ". आक्षेप घ्यायला याहून वेगळा पुरावा लागत नव्हता. कुणीही बसून सात-सात वजा केले असते की दहा वर्षांची हिरवी रेष जागच्या जागी खाली बसली असती.

"बघून सांगते," बाई म्हणाल्या.

नोकरीची भीती नव्हती त्यांना. साहेब कधीच बदलून गेले होते, सूचनेचा कागद निघाला तरी फार तर निरोप समारंभ झाला नसता. भीती एकाच पानाची होती. पहिल्या वहीतलं पान, त्र्याऐंशी पूर्णांक नऊ, आ. वह्या पुढे गेल्या की ते पान वस्तीत जाणार, आणि वस्तीत गेलं की धाकटीच्या हातात. धाकटीला हिशोब कळायला वेळ लागणार नव्हता. जगात आपलं म्हणावं असं बाईंना ते एकच माणूस होतं. पंधरातले अकरा दिवस त्यांनी असेच काढले. वही उघडायची, मिटायची.

बाराव्या दिवशी दुपारी त्या पहिली वही घेऊन बहिणीच्या घरी गेल्या. धाकटी वाळलेले कपडे घडी करत होती. मुलगी शाळेत होती. बाईंनी पाणीसुद्धा घेतलं नाही, उंबऱ्याच्या आत उभ्या राहूनच सगळं सांगितलं. सूचना, फॉर्म, साहेबांचं दार, आणि ती सकाळ. सांगताना त्यांनी कुठे स्वतःला झाकलं नाही. मग वही उघडून पान पुढे केलं.

धाकटीने पान पाहिलं. तिच्या मांडीवर मुलीचा शाळेचा सदरा होता, त्याची बाही ती अंगठ्याने सपाट करत राहिली.

"तुला तेव्हाच कळलं होतं," ती म्हणाली.

"हो."

"मी तिचं डोकं धरून बसले होते, तेव्हा."

"हो गं."

बाईंना वाटलं आता ती ओरडेल. ओरडावं म्हणून त्या वाट बघत होत्या. एवढ्या मोठ्या आवाजाची बाई, बारा कॅन वाजवणारी. पण धाकटी हळू बोलली, आणि तेच सोसवेना.

"दूध बंद झालं तेव्हा बायका आल्या होत्या माझ्याकडे. चल म्हणाल्या, कार्यालयात जाऊ, बसू दारात. निवडणूक नसली म्हणून काय, तोंड तर आहे. मी म्हटलं, कशाला? ताईने स्वतः मोजलंय. पोरं ठीक आहेत." तिने सदरा खाली ठेवला. "मीच त्यांना घरी पाठवलं, ताई. मी भीतीने गप्प नव्हते बसले. तू सांगितलंस म्हणून बसले."

अकरा दिवस त्यांनी मनात सगळ्या शिव्या ऐकून ठेवल्या होत्या, हे सोडून. साहेबांनी निवडणूक काढून घेतली होती, ते सगळ्यांना दिसलं होतं. बहिणीचा आवाज मात्र बाईंनी स्वतःच्या हाताने काढून घेतला होता, आणि तिला कळूही दिलं नव्हतं.

"मी जाऊ?" त्यांनी विचारलं.

"वह्या देणार आहेस का तिला?"

"तुला आधी सांगायचं होतं. आता देते."

"दे," धाकटी म्हणाली, आणि पुढची घडी घालायला घेतली. बस म्हणाली नाही.

चौदाव्या दिवशी शाळेच्या हॉलमध्ये शिवणवालीने वस्ती बोलावली. जिल्ह्याचा एक अधिकारी खुर्चीवर होता. अकरा वह्या टेबलावर होत्या. बाईंनी उभं राहून, जसा आकडा वाचायच्या तशा मोठ्याने, काय झालं ते सांगितलं. हॉलमध्ये आधी कुजबुज झाली, मग गलका. एक बाई म्हणाली, "माझ्या दोघांना मोजलं होतंत तुम्ही." दुसरी काहीतरी फार वाईट बोलली. अधिकारी म्हणाला, वह्या खाजगी आहेत, तपासाव्या लागतील, शिवाय शेजारच्या देशातही आकड्यांवरून असे वाद होतातच. शिवणवाली म्हणाली, "हो ना, होतात. म्हणून त्यांच्या फॉर्मवर तो रकाना अजून आहे. मी मागवून बघितला."

मग तिने बाईंना विचारलं, त्या वेळची पोरं आता मोठी आहेत, त्यातली काही इथे आहेत, आज सगळ्यांसमोर मोजता का, वह्यांच्या शेजारी लावू. बाईंनी मान हलवली. फळी भिंतीला उभी केली. किती वर्षांनी उभी केली होती.

कुणी पुढे येईना. त्यांच्या हाताखाली पोर द्यायला आता कोण येणार? आणि मग मागच्या रांगेतून धाकटी उठली. ताईकडे न बघता ती चालत आली आणि लेकीला फळीसमोर उभं केलं.

"मोज," ती म्हणाली. "आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं वाच."

मुलगी बारा वर्षांची, पण आठ-नऊची वाटेल अशी. हॉल गच्च भरलेला, शाळेतली पोरंही दारात जमलेली. तिने चपला काढल्या, फळीला पाठ लावली, हनुवटी वर केली. बाईंनी डोक्यावरचा तुकडा खाली आणला, आणि तेवढ्यात तो त्यांच्या बोटांखाली हळूच वर उचलला गेला.

त्यांनी खाली पाहिलं. मुलीने टाचा उचलल्या होत्या. फार नाही, बोटभरसुद्धा नाही. सगळं अंग ताणून, श्वास रोखून ती चवड्यांवर उभी होती आणि मावशीकडे बघत होती, काही बोलू नकोस अशा नजरेने.

बाईंनी आयुष्यभर हजारो पोरांचे घोटे धरले होते. आज त्या पुन्हा खाली वाकल्या. त्यांनी दोन बोटांनी ते बारके घोटे धरले.

"टाचा टेक, बाळा," त्या म्हणाल्या.

मुलीने टाचा टेकल्या. बाई उठल्या, तुकडा पुन्हा खाली आणला, आणि आकडा मोठ्याने वाचला.